मदत हवी आहे: फिफ्थ-व्हील ओढताना भयंकर आचके

खडबडीत: ट्रकमागे फिफ्थ-व्हील (ट्रकच्या मागच्या हौद्यातल्या जोडणीला लावायचा मोठा ट्रेलर) लावून हायवेला लागलो की आचके सुरू. पाठीची वाट लागलीय. बायको म्हणते, पुढच्या वेळी मी विमानानं येते. ट्रकचे शॉकअब्सॉर्बर बदलले, ढिम्म फरक नाही. लवकर सांगा, शनिवारी निघायचंय.

डिझेलबुवा: ट्रक कुठला, ट्रेलरचं वजन किती, हिच (ट्रकवरची जोडणी) कसली, आचका वर-खाली की पुढे-मागे? काहीच लिहिलं नाहीत, आम्ही काय कुंडली मांडायची?

खडबडीत: एकटनी (जड भाराच्या वर्गातला) ट्रक आहे, वजनाचा प्रश्नच नाही. आचके म्हणजे आचके हो, मागून कुणीतरी ढकलल्यासारखे.

रानभूल: ट्रकच्या मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग लावा. मी लावल्या, विषय संपला.

डिझेलबुवा: कसा संपला? एअरबॅगनं ट्रकचं बसलेलं मागचं अंग उचललं जातं. यांचा ट्रक बसतोय असं कुठे म्हणालेत? त्यात हवा जास्त भरली तर मागची बाजू आणखी कडक होते.

रानभूल: स्वतः वापरल्यात का कधी?

डिझेलबुवा: वापरल्या आणि काढून टाकल्या.

चाकोरी: तुमचं चालू द्या. खडबडीत, ढकलल्यासारखं म्हणजे पुढे-मागे. काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात. एका विशिष्ट वेगाला त्यांची लय गाडीशी जुळते आणि ट्रक-ट्रेलर एकमेकांना हिसके देत राहतात. वेग पाचेक मैलांनी कमी करून बघा. डांबरी रस्त्यावर थांबतं का?

दुसरं, किंगपिन (ट्रेलरच्या नाकाखालची जोडणीची खुंटी) आणि हिचच्या जबड्यात ढिलाई आहे का ते पाहा. सपाट जागा, ट्रेलरच्या चाकांना ठोकळे, ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधल्या कंट्रोलरवरून हातानं लावून धरायचे आणि ट्रक अगदी हळू पुढे-मागे करायचा. दुसऱ्या माणसानं बाजूला लांब उभं राहून पिनकडे बघायचं. पिन जबड्यात खुळखुळत असेल तर दुखणं तिथेच आहे.

भटकभवानी: रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलरचं बूड जातं. खूप सोपं पडतं!

रानभूल: ताई, रिव्हर्सचं कुणी विचारलं?

खडबडीत: डांबरीवर कमी होतं, पण जात नाही. पिन बघितली, घट्ट आहे. हवा सगळीकडे ८० पीएसआय. ट्रेलरमध्ये सामान फार नसतं, फक्त मागची पाण्याची टाकी फुल्ल करून नेतो.

डिझेलबुवा: हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं! टाकी ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या मागे आहे ना? ६० गॅलन म्हणजे जवळपास ५०० पौंड, आणि तेवढ्यानं ट्रेलरचं नाक वर उचललं जातं. फिफ्थ-व्हीलला पिनवर एकूण वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के भार लागतो. तो कमी पडला की हिसके आलेच. शिवाय एकटनीचे मागचे पाटे मोठ्या भारासाठी बनवलेले, हलक्या पिनखाली ते दबतच नाहीत.

वजनकाट्यावर जा. ट्रेलर जोडून एकदा, नुसत्या ट्रकचं एकदा. ट्रकच्या मागच्या टायरमधली हवा त्या आकड्यावरून, टायर कंपनीच्या तक्त्यानुसार ठरवा. अंदाजानं कमी करू नका. ट्रेलरच्या टायरला मात्र साइडवॉलवर लिहिलंय तेवढी ठेवा.

खडबडीत: टाकी रिकामी नेली तर मुक्कामाला पाणी कुठून आणू?

चाकोरी: मुक्कामाच्या जवळ पोचल्यावर भरा. आणि ट्रेलर जोडलेला असताना बाजूनं बघा, नाक वर असेल तर हिचची उंची खाली घ्या. पण ट्रकच्या हौद्याच्या कडेपासून ट्रेलरपर्यंत सहाएक इंच मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर खड्ड्यात कड घासेल. एवढं करूनही राहिलं तर रबरवाला पिनबॉक्स (किंगपिन बसवलेला ट्रेलरच्या नाकाचा भाग, रबरानं हिसके शोषणारा).

रानभूल: त्यापेक्षा एअरबॅग स्वस्त.

खडबडीत: टाकी रिकामी केली, घराजवळच्या काँक्रीटवर फेरी मारून आलो. हिसके बरेच कमी आहेत. काट्यावर उद्या जातो.

नवखा: माझा बंपरच्या हिचला लावायचा ट्रेलर आहे. तो डावी-उजवीकडे डोलतो. मीपण पाणी काढू का?

डिझेलबुवा: तो वेगळा आणि जास्त धोक्याचा आजार. नवीन धागा काढा, तोवर ट्रेलर बाहेर काढू नका.