पतसंस्थेबद्दल अफवा उठली तर आधी कोणाशी बोलायचं?

सचिव_तालुका: आमची तालुक्याच्या गावी छोटी पतसंस्था आहे, मी सचिव. मागे शेजारच्या गावातली एक संस्था अडकली आणि दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर आमचं नाव फिरायला लागलं, सकाळी नऊलाच पायऱ्यांवर माणसं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवपावत्या. जिल्हा बँकेतनं रोकड आणून सगळ्यांचे पैसे दिले, निभावलं. पण चेअरमन एक सांगतायत, मॅनेजर दुसरंच, आणि काउंटरवरची मुलगी "मला काही माहीत नाही, साहेबांना विचारा" म्हणाली, तिथे लोक जास्त घाबरले. पुन्हा असं व्हायच्या आत काय तयारी ठेवावी?

रोजची_पिग्मी: साहेब, मी १९ वर्षं पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी ठेव, गोळा करतोय. अफवा आली की दुकानदार चेअरमनला फोन करत नाही, मी दारात गेलो की मलाच विचारतो, "काय रे, बुडाली का तुमची संस्था?" आणि आम्हाला सगळ्यात शेवटी कळतं. दर सोमवारी दहा मिनिटं एजंटांना बसवा, ठेवी किती, थकबाकी किती, हातात रोकड किती ते खरं सांगा. मला आकडा माहीत असला तर मी तिथल्या तिथे उत्तर देतो, नसला तर माझा चेहराच सगळं सांगतो.

मुलुंडकर७: वरचं पटलं, पण आकडे खरेच हवेत. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी फक्त १००० रुपये काढायची परवानगी होती, तिथे अफवा नव्हतीच, एचडीआयएल या बांधकाम कंपनीची थकलेली कर्जं लपवली होती. असलं काही असेल तर गोड बोलून झाकता येत नाही. अजून एक, घाईत कोणी "५ लाखांपर्यंत विमा आहे" म्हणू नका. फेब्रुवारी २०२० पासूनची ती मर्यादा बँकांच्या ठेवींना आहे, पतसंस्थेच्या ठेवींना ते संरक्षण नाही. आज धीर द्यायला खोटं बोललात तर उद्या खरं बोललेलंही कोण ऐकणार?

सचिव_तालुका: विम्याचं आमच्याकडे त्या दिवशी एकाने खरंच सांगितलं होतं, उद्याच सगळ्यांना बसवून समजावतो. आणि गर्दी झाली तर शटर अर्धं खाली घ्यावं का, संचालक तसं म्हणतायत?

रोजची_पिग्मी: अजिबात नको. अर्ध्या शटरचा फोटो पाच मिनिटांत गावभर जातो. दार सताड उघडं ठेवा, बाहेर खुर्च्या टाका, पाणी ठेवा आणि चेअरमनना आत केबिनमध्ये नाही, पायरीवर उभं करा.