'आनंद करा' की 'आनंद माना'?

अर्धविराम:
आमच्या मंडळीतल्या एका मैत्रिणीचा नवरा दीड महिन्यापूर्वी गेला. तिला चार ओळी लिहायच्या म्हणून मी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:४ घेतलं: 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.' लिहून झाल्यावर एकदा वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. लहानपणापासून पाठ असलेलं वचन, पण ती एकटी बसून ते वाचते आहे असं डोळ्यांपुढे आलं आणि कसंसंच झालं. मराठीत आनंद होतो, वाटतो. तो 'करायचा' म्हणजे काय? मुळातच आज्ञा आहे की भाषांतरात तशी झाली?

जुनी पोथी:
मुळातच आज्ञा आहे. ग्रीक शब्द 'खैरेते', आज्ञार्थी बहुवचन. म्हणजे एकट्या माणसाला नाही, सगळ्या मंडळीला उद्देशून. हे विसरू नका. त्याच धातूचं नाम उच्चारायला जवळपास 'खरा'. (मराठी कानाला गंमत वाटते, पण हा निव्वळ योगायोग. यावरून कुणी प्रवचन रचू नये.) कृपा या अर्थाचा 'खरिस' हाही त्याच कुळातला.
पत्राचे अध्याय चारच. त्यांत हे नाम पाच वेळा, क्रियापद नऊ वेळा आणि 'सोबत आनंद करणे' या अर्थाचं जोडक्रियापद दोनदा येतं. आणि लिहिणारा पौल बेड्यांत आहे, ते तो स्वतःच १:१३ मध्ये सांगतो. म्हणून ती आज्ञा बोचत नाही. बाहेर मोकळा फिरणारा माणूस तेच वाक्य बोलला की बोचतं.

काना_मात्रा:
मला 'करा'पेक्षा 'प्रभूमध्ये' अडतं. 'मध्ये' म्हटलं की डब्यामध्ये, खोलीमध्ये. 'प्रभूच्या ठायी' जुनं वाटतं, पण अर्थ नीट बसतो: आनंदाची जागा कोणती ते त्यात आहे. 'झालेल्या गोष्टीबद्दल आनंद करा' असं तिथे म्हटलेलंच नाही.

अर्धविराम:
हे बरं सांगितलंत. मग याकोबाच्या पत्रातल्या १:२ चं काय? तिथे तर परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा 'आनंदच माना' असं आहे. 'माना' मला आणखी कठीण वाटतं. 'समाधान मानून घ्या'सारखं.

जुनी पोथी:
'मानणे'चे मराठीत दोन पदर आहेत. 'मिळालं त्यात समाधान मान' यात तडजोड आहे. 'मी त्यांना गुरू मानलं' यात मात्र निर्णय आहे. त्यानंतर माणूस तसा वागायला लागतो. याकोबाचं क्रियापद दुसऱ्या जातीचं. लेखणे, गणणे, हिशेबात अमुक खात्यावर धरणे. 'तुम्हांला आनंद वाटेल' असं तो म्हणत नाही. वाटणं माणसाच्या हातात नसतं, आणि ते त्यालाही ठाऊक असावं, कारण लगेच पुढे तो कारण देतो: विश्वासाच्या पारखण्याने धीर उत्पन्न होतो. कारण द्यावं लागतं ते हिशेबाला. भावनेला कोण कारण देतं?
इथला 'धीर' शब्द मुळात 'खाली टिकून राहणे' असा आहे. ओझं उतरलेलं नाही, माणूस त्याखाली उभा आहे.
आणखी एक बारकावा भाषांतरात हरवतो. पत्राच्या पहिल्या ओळीतलं अभिवादन 'खैरेइन' आहे, शब्दशः 'आनंद असो', आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीलाच त्याच कुळातला शब्द येतो. नमस्काराचाच धागा पकडून तो बोलायला लागतो. मराठीत अभिवादनाचा शब्द वेगळा, त्यामुळे तो धागा दिसत नाही.

तिरकस:
मराठीत 'सगळा आनंदीआनंद आहे' म्हणजे सगळा गोंधळ आहे. आमच्या भाषेला या विषयात फारशी भाबडी आशा नाही एवढंच नोंदवतो.

पायवाट:
तिरकस, हसले. पण जुन्या करारातला हबक्कूक संदेष्टाही काही भाबडा नाही. ३:१७ मध्ये तो एकेक दार बंद करत जातो: अंजीर फुलला नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. सहा नकार. त्यानंतर ३:१८ मध्ये हिब्रूत 'वअनी', म्हणजे 'पण मी': परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मराठीत तिथे 'तरी' येतो आणि माझ्या मते त्या वचनातला सगळ्यात मोठा शब्द तोच. तो सहापैकी एकही नकार खोडत नाही. मी आजारपणात हे वचन धरून होते तेव्हा आनंद वगैरे काही वाटत नव्हता. फक्त 'तरी' म्हणता येत होतं. काही दिवस तेही नाही.

काना_मात्रा:
पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, ६:१० सुद्धा पाहा. दुःखी, तरी सर्वदा आनंदी. आधी हे आणि मग ते, असा क्रम नाही. दोन्ही एकाच वेळी.
योहानाच्या शुभवर्तमानातलं १६:२० मात्र वेगळं. तिथे दुःख 'आनंद होईल' असं आहे. जाऊन त्याच्या जागी दुसरं काही येईल असं नाही. पुढचाच दाखला बाळंतपणाचा: वेणा ज्याच्यामुळे, आनंदही त्याच्यामुळेच. 'दुःखाचा आनंद होईल' असं म्हणावं, दुधाचं दही होतं तसं.

तिरकस:
व्याकरण पटलं. पण दीड महिन्यात कुणाला दह्याचा दाखला देऊ नका.

जुनी पोथी:
मान्य. अर्धविराम, तुम्हाला वचनच लिहायचं असेल तर रोमकरांस पत्रातलं १२:१५ बघा. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. पहिल्या भागात 'खैरेते'चंच मूळ क्रियापद 'खैरो' आहे. दुसऱ्यात जे क्रियापद आहे ते आवाज करून रडण्याचं, नुसतं डोळे पुसण्याचं नव्हे. पहिली आज्ञा तिच्यासाठी आज लागू नाही, आणि दुसरी तिच्यासाठी नाहीच, तुमच्यासाठी आहे.

अर्धविराम:
कागद फाडला. नवीन कागदावर एवढंच लिहिलं, 'शनिवारी येते, रात्री राहीन.' खाली हबक्कूक ३:१८ लिहिणार होते, तेही नाही लिहिलं. तिने विचारलं तर तोंडी सांगेन.

काना_मात्रा:
'शनिवारी येते' चांगलं आहे.