मदत हवी आहे: अष्टकोनी कट्ट्यासाठी चिरे कोणत्या कोनात कापावेत?

खळेकर (वेंगुर्ले): तुळशी वृंदावनाभोवती जांभ्याच्या चिऱ्यांचा अष्टकोनी कट्टा बांधायला घेतला आहे. ३६० भागिले ८ म्हणजे ४५, म्हणून चिऱ्यांची दोन्ही टोके ४५ अंशांत कापून घेतली, तर चार चिऱ्यांतच चौकोन बंद झाला. तुळशीचे लग्न तोंडावर आले आहे आणि गवंडी उद्या सकाळी येणार आहे. कृपया कोन तेवढा सांगावा.

चिरेबंदी: कट्टा किती मोठा, चिरा किती रुंद, कोन चिऱ्याच्या लांब कडेपासून मोजला की गुण्याच्या (त्या कडेला काटकोनात आखलेल्या) रेषेपासून, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही.

निवृत्त मास्तर: कोनासाठी मापांची गरज नाही. ४५ हा बाह्यकोन, म्हणजे एका बाजूवरून दुसरीवर जाताना जेवढे वळावे लागते तेवढा, आणि तो सांध्यावरच्या दोन चिऱ्यांत निम्मा निम्मा वाटला जातो. अष्टकोनाच्या आंतरकोनांची बेरीज (८ − २) × १८० = १०८० अंश; प्रत्येक कोन १३५, त्याचा अर्धा ६७.५. लांब कडेपासून ६७.५ म्हणा किंवा गुण्याच्या रेषेपासून २२.५, काप एकच आहे. ४५ला दोन्हीकडून ४५च येतात म्हणून घोटाळा लक्षात येत नाही; येथे उलटसुलट झाले तर चिरा फुकट जाईल.

माडाखालचा: त्यापेक्षा षटकोन करावा, लांब कडेपासून सरळ ६० अंश. आमच्या मांगराच्या छपराचा उतारही आम्ही असाच सोपा ठेवला होता.

खळेकर: छपराचा विषय नाही, आणि वृंदावन अष्टकोनी असल्याने कट्टाही तसाच हवा. चिरा ७ इंच रुंद आहे, कट्टा बाहेरून ३ फूट रुंद. मात्र खळ्यात एका दिशेने जागा जास्त असल्याने समोरासमोरच्या दोन बाजू लांब ठेवणार आहे, हे सांगायचे राहिले.

चिरेबंदी: मग कोन बदलणार! आधीच विचारले होते.

निवृत्त मास्तर: बदलणार नाहीत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की लांबी कितीही वाढवा, कोन १३५च राहतात. लांब बाजूला मध्ये सरळ सांधा देऊन तुकडा जोडावा. उरलेल्या सहा बाजू बाहेरून ३६ × ०.४१४, म्हणजे सुमारे १५ इंच, आणि आतून सुमारे ९ इंच येतील. कोनमापक नसल्यास कागदाचा काटकोन दोनदा दुमडावा, २२.५ मिळतात.

माडाखालचा: कापलेले चिरे वाया कशाला घालवायचे? ४५चे टोक सरळ टोकाला लावले की ४५ आणि ९० मिळून १३५ होतातच.

निवृत्त मास्तर: बेरीज बरोबर आहे, पण ७ इंच रुंद चिऱ्याचा ४५ अंशांतला काप ९.९ इंच लांब होतो आणि सरळ टोक ७ इंचच राहते; प्रत्येक सांध्यावर जवळजवळ ३ इंचांचे टोक बाहेर येईल.

खळेकर: पुठ्ठ्याचे आठ तुकडे कापून पाहिले, बरोबर जुळले. ४५चे चार चिरे मागच्या पायरीला वापरतो.