रोलर-स्कीची खरेदी आणि जूनमधलं सॉन्येफेल (ओस्लो मराठी पालक ग्रुप)

गौरी: स्की क्लबच्या कोचने मुलांसाठी क्लासिक रोलर-स्की घ्यायला सांगितलंय, म्हणजे बर्फ नसताना डांबरावर सरळ पावलं टाकत चालवायच्या चाकांच्या स्की. दुकानात चाकं 1, 2, 3 अशा नंबरांची आहेत. यातलं कुठलं? मुलाची उंची 160 सेंमी.

मिलिंदकाका: 2 किंवा 3. 1 सगळ्यात वेगवान, 3 सगळ्यात हळू. डांबरावर 1 नंबर बर्फापेक्षा कितीतरी जास्त पळतो, आणि रोलर-स्कीला ब्रेक नसतो. उतारावर पाय फाकवून वेग कमी होतो, थांबत नाही. दोन्ही स्कींना एकच नंबर हवा. आणि एका कंपनीचा 2 म्हणजे दुसऱ्या कंपनीचा 2 नव्हे.

अभिजित: मुलं 3 लावायला कुरकुर करतात, कारण शेजारचा पुढे जातो 😄 पण कोचला हवी असते ती नाडी, वेग नव्हे. उन्हाळ्यातली बहुतेक तासिका गप्पा मारता येतील इतक्याच जोराची असते.

स्नेहाताई: गौरी, आधी बूट बघ. बूट स्कीला अडकवायच्या पट्टीला बाइंडिंग म्हणतात, तिचे प्रकार असतात. एनएनएन, प्रोलिंक आणि टर्नॅमिक एकमेकांत चालतात. जुने एसएनएस असतील तर बाइंडिंग बसणार नाही, आणि हे घरी आल्यावर कळतं.

गौरी: बरं. आणि काठ्या हिवाळ्यातल्याच चालतील ना?

मिलिंदकाका: काठी तीच, टोक वेगळं. बर्फाची बास्केट (टोकाजवळची चकती) काढून कार्बाइड या कडक धातूचं रोलर-टोक लावायचं. किटलीतलं उकळतं पाणी उंच मगात ओता, टोक मिनिटभर बुडवा, फडक्याने धरून पिळत ओढा. आतला गोंद मऊ होतो. नवीन टोकालाही तोच गरम गोंद, आणि थंड व्हायच्या आत दिशा जुळवून घ्या. लायटर अजिबात नको. कार्बन काळा पडतो, आणि चार दिवसांनी काठी नेमकी तिथेच मोडते.

स्नेहाताई: लांबी: क्लासिकला स्पर्धेत बुटासकट उंचीच्या 83 टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. 160 ला 132.5 घे. स्केटिंगची, म्हणजे पाय तिरके ढकलत जायच्या प्रकाराची वेगळी, साधारण 142.5.

अभिजित: टोकाला धार ठेवा हो. रोलर-स्कीतली निम्मी चिडचिड बोथट टोकाची असते. चांगलं टोक डांबरावर "टक्" करून बसतं, बोथट "खर्रर" करत मागे सरकतं. मग मुलगा खांद्याने ओढायला लागतो आणि कोपर धरतं. साध्या कानशीने कार्बाइड घासलं जात नाही, डायमंडचीच लागते. पावसात झेब्राच्या पट्ट्यांवर मात्र धार असूनही घसरतं, तिथे काठी टेकवूच नका.

गौरी: चाकं आलटून पालटून लावायची असतात म्हणे?

मिलिंदकाका: हो, झीज एका बाजूने होते म्हणून. पण क्लासिकच्या एका चाकात रॅचेट असतं, ते मागे फिरत नाही. ते चाक उलटं बसवलं तर पुढेच जात नाही. आणि पाय मारल्यावर थोडं मागे सरकून मग धरत असेल तर रॅचेट गेलं समजा. पावसातून आल्यावर पुसून कोरडी करा. प्रेशरचं पाणी मारलं की बेअरिंगमध्ये वाळू जाते.

स्नेहाताई: या रॅचेटची खोडही सांगते. उशिरा मारलेला, तिरका मारलेला, कसाही पाय ते धरतंच. दोन महिने तेवढंच केलं तर नोव्हेंबरात बर्फावर पाय सटकतो आणि दोष वॅक्सला (स्कीखाली लावायच्या मेणाला) दिला जातो. म्हणून सपाटीवर नुसत्या काठ्यांनी ढकलणं, आणि चढाला रोलर-स्की काढून काठ्या घेऊन एल्गहुफ्स, म्हणजे मूस या मोठ्या हरणासारख्या झेपा. त्या काठ्या क्लासिकपेक्षा 5 ते 10 सेंमी आखूड.

गौरी: जूनमध्ये सॉन्येफेलला, त्या उन्हाळ्यातही बर्फ असलेल्या डोंगरपठारावर जायचंय. जुन्या स्की नेऊ का नव्या?

अभिजित: जुन्याच! त्याला इथे स्टाइनस्की म्हणतात, दगडांवर घासायच्या. ट्रॅक 1400 मीटरच्या आसपास, लोम गावावरून 55 नंबरचा रस्ता, ओस्लोहून पाच-सहा तास. जूनचा बर्फ खडीसाखरेसारखा भरड, ओला. साधा वॅक्स टिकत नाही, क्लिस्टर, म्हणजे चिकट पेस्टसारखं वॅक्स लागतं. सकाळी लवकर उतरा, दुपारपर्यंत लगदा होतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुडीतही, बर्फावरून उसळून ऊन खालून येतं.

गौरी: तंबू टाकला तर?

स्नेहाताई: मोकळ्या रानात चालतो. राहत्या घरापासून 150 मीटर लांब, एका जागी दोन रात्री. 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ चूल पेटवायला बंदी आहे. गॅसची शेगडीसुद्धा उघड्या खडकावरच ठेव, आणि फार कोरडं असेल तर कोम्यूनने (तिथल्या नगरपालिकेने) पूर्ण बंदी घातलीय का ते निघण्याआधी बघ.

मिलिंदकाका: आणि सरावानंतर मारिदाल्सव्हान तलावात कुणी उडी मारायची नाही 🙏 ते ओस्लोचं पिण्याचं पाणी आहे. पोहायला सॉन्ग्सव्हान तलाव.

गौरी: डायमंड कानस मी मागवतेय, अजून कुणाला हवी?

अभिजित: एक. मुलगा दर वेळी माझीच नेतो.