नॉमिनी आहात, पण पतपेढीत आधी हे विचारा
"बाबांच्या पतपेढीत नॉमिनी मी, मग बहिणीची सही कशाला?" असं विचारलंत म्हणून लिहितो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे हाती आले तरी वारसांचा हक्क उरतोच. विमा पॉलिसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हेच म्हटलं होतं, मात्र विम्यापुरता तो कायदा २०१५ मध्ये बदलला.

आमच्या लालबागच्या काकांच्या वेळी मेख भलतीच निघाली. ते दोघा मित्रांच्या कर्जाला जामीन होते, घरात कुणाला पत्ता नाही! ठेव अडकली ती अडकलीच. तेव्हा मृत्यूचा दाखला देतानाच कर्जबाकी आणि जामिनकी लेखी मागा. सभासद म्हणून घेतलेल्या पतपेढीच्या शेअर्सची रक्कमही विचारा, लोक तीच विसरतात. आणि बँकेसारखा पाच लाखांचा ठेव विमा पतपेढीला नसतो, तेव्हा पैसे तिथे नुसते पडू देऊ नका.