घाटासाठी मोठे ब्रेक बसवावेत का?

प्रश्न: १४ इंची चाकांची हॅचबॅक. पाच माणसं आणि सामान घेऊन आंबोली घाट उतरला की ब्रेकचा वास येतो, पेडल खोल जातं. मोठी डिस्क आणि कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घालून फरक पडेल का?

उत्तर १: आधी लक्षण नीट बघा. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळतंय. पेडल कडक, पण गाडी थांबत नसेल तर पॅड तापलेत. तुमचं पहिलं दिसतंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते. दर २ वर्षांनी बदला, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या. आणि घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा, ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका.

उत्तर २: सहमत. जोरात दाबल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल, तर चाक लॉक करण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये आहेच. पुढचं काम टायरचं. मोठी डिस्क उष्णता जास्त झेलते, थांबण्याचं अंतर कमी करत नाही. शिवाय १४ इंची चाकात मोठा कॅलिपर बहुधा बसत नाही, म्हणजे चाकं-टायरचा खर्च वेगळा. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग) तोच असल्याने पेडल आणखी लांब जातं.

उत्तर ३: कॅलिपरच्या स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) हाताने सरकतात का तेही तपासा. पिन अडकली की एकच पॅड झिजतो आणि डिस्कला घासत राहतो. वास तिथूनही येतो.