तबकडी नंतर येऊ दे

‘मुलगा परग्रहावरचा निघाला की प्रेमकथेतली मजाच जाते,’ असं किशोरवयीन प्रेमकथा लिहिण्यावरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटलं. 1947 साली अमेरिकेतल्या रॉसवेल गावाजवळ अवशेष सापडले, तेव्हा अमेरिकी लष्कराने आधी ‘उडती तबकडी’ सांगितलं आणि लगेच ‘हवामानाचा फुगा’ म्हणून शब्द फिरवला. सोळाव्या वर्षी स्वतःबद्दल सगळेच असं फिरवून सांगतात की!

आमच्या सोलापुरात दर जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत, मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर, आख्यायिकेतल्या कुंभारकन्येचं संत सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी (हातातल्या काठीशी) प्रतीकात्मक लग्न लागतं. पांढऱ्या बाराबंदीतल्या गर्दीत अक्षता टाकताना मला सिद्धेश्वरांशीच लग्न करायचा तिचा हट्टच आठवतो. नवरदेव विरक्त, तरी मागे हटली नाही. (तुलना श्रद्धेची नाही, हट्टाची.) त्यामुळे मुलगा परग्रहावरचा आहे हे गुपित कळल्यावर नायिका काय करते, ते आधी लिहा.